पामर घराणे आणि वऱ्हाडचे कर्ज



या व्याख्यानासाठी संयोजकांनी मला विषय सुचविला तो असा : आपल्या भागात येऊन राहिलेल्या एखाद्या जुन्या इंग्रज घराण्याचा इतिहास. विषय मोहक आहे, पण आपल्या जिल्ह्यापुरते पाहू गेल्यास हाती फारसे लागत नाही. बालाघाट जिल्हा निर्माण झाला तो १८६७ साली. ज्या गावी त्याचे ठाणे झाले त्याचे मूळ नाव बुऱ्हा. घाटावरचा बैहर-परसवाड्याचा मुलूख एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निबिड अरण्य होता आणि परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे वसविली ती कोणा साहेबाने नव्हे, तर लक्ष्मण नाईक यांनी. इंग्रज येथे आले ते बहुधा अंमलदार म्हणून. दौरे केले, वाघ मारले, बैगांविषयी टिपणे लिहिली आणि बदलीचा हुकूम येताच निघून गेले. गावे वसविणारे आपलेच होते, हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे येथे इंग्रज घराणे शोधण्याचा खटाटोप आपोआप संपतो.

पण बालाघाट हे नाव आपल्या एकट्याचे नाही. घाटाच्या वरचा तो बालाघाट, खालचा तो पायनघाट, अशी ही जुनी फारसी-दख्खनी विभागणी आहे. वऱ्हाडात पूर्णेच्या खोऱ्याला पायनघाट म्हणत आणि त्याच्या दक्षिणेकडील बुलढाणा-वाशीमच्या पठाराला बालाघाट. मराठवाड्यात तुळजापूर ज्या डोंगररांगेवर वसले आहे तीही बालाघाटचीच रांग. आपल्या नावाच्या या दोन्ही प्रदेशांशी एका इंग्रज घराण्याचा तीन पिढ्या संबंध आला आणि त्या संबंधाचे मोल तेथील कुणब्याने मोजले. १९०३ पासून १९५६ पर्यंत वऱ्हाड आणि आपण एकाच प्रांतात नांदलो. वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडी 'सी. पी. अँड बेरार' हे शब्द जोडीनेच येत. तेव्हा वऱ्हाडची गोष्ट या व्यासपीठावर परकी ठरू नये.

घराण्याचे नाव पामर. संतवाङ्मय वाचलेल्या मराठी माणसाला हे नाव ऐकून दीन, अज्ञ असा कोणी डोळ्यांपुढे येईल. हे पामर मात्र दीन नव्हते. एका काळी निजामाचा दिवाण त्यांच्या पेढीच्या ओसरीवर ताटकळावा इतकी त्यांची सत्ता वाढली होती.

मी इतिहासाचा अध्यापक नव्हे, मराठीचा. एकोणिसाव्या शतकातील ऐतिहासिक कादंबरीचा अभ्यास करताना मेडोज टेलर या लेखकाशी माझी गाठ पडली. त्याच्या सासऱ्याचे नाव वाचले, त्या नावामागे गेलो आणि वऱ्हाडच्या महसुलाच्या कागदांत जाऊन पोहोचलो. साहित्याच्या वाटेने निघालेला माणूस कर्जाच्या खातेवहीत कसा शिरला, असे विद्यार्थी विचारीत. त्यांना सांगण्याचा प्रयत्न आज सविस्तर करतो.

मूळ पुरुष विल्यम पामर. याचा जन्म १७४० चा. तरुणपणी ब्रिटिश पलटणीबरोबर वेस्ट इंडीज बेटांत गेला, तेथे सेरा हेझेल या स्त्रीशी विवाह केला, मुले झाली आणि पुढे १७६६ च्या सुमारास तो कंपनीच्या बंगाल फौजेत दाखल झाला. हिंदुस्थानात त्याचे भाग्य उजळले ते वॉरन हेस्टिंग्जच्या मर्जीमुळे. हेस्टिंग्जचा विश्वासू म्हणून तो लखनौस गेला आणि तेथे त्याच्या आयुष्यात फैज बख्श ही मोगल कुळातील स्त्री आली. तिला पुढे बादशहाकडून बेगम हा किताब मिळाला. ही पामरची केवळ 'बीबी' नव्हती. तो वारला १८१६ साली, आणि तोवर ती त्याच्या घराची धनीण होती.

१७८५ च्या सुमारास काढलेले या कुटुंबाचे एक तैलचित्र प्रसिद्ध आहे. चित्रकार झोफानी की रेनाल्डी, यावर जाणकारांचे एकमत नाही. चित्र अपुरेच राहिले आहे. मध्यभागी साहेब बसले आहेत, त्यांच्या पायाशी, बैठकीवर, फैज बख्श. भोवती मुले आणि परिवारातील बायका. मुलांचे कपडे विलायती नव्हेत, मोगली आहेत. त्यांतला थोरला विल्यम, जन्म १७८०. तान्ह्या मुलाचे नाव हेस्टिंग्ज, आश्रयदात्याच्या नावावरून ठेवलेले. त्या काळी अशी कुटुंबे विरळा नव्हती. एवढ्या सहजपणे चित्रकारापुढे बसणारी मात्र थोडी.

मराठी वाचकाला हा थोरला पामर आणखी एका कारणाने ठाऊक असला पाहिजे. १७९८ ते १८०१ या काळात तो पुण्याच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट होता. मार्च १८०० मध्ये नाना फडणीस वारले, तेव्हा नानांबरोबर मराठी राज्यातील शहाणपण आणि संयम हे दोन्ही गेले, असा अभिप्राय ज्याने लिहून ठेवला तो हाच पामर. शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून हे वाक्य आपण सर्वांनी वाचले आहे, पण ते लिहिणारा कोण होता याची चौकशी क्वचितच केली. शत्रुपक्षाच्या मुत्सद्द्याचे मोठेपण ज्याला कळते, तो वेलेस्लीसारख्या गव्हर्नर जनरलच्या उपयोगाचा नव्हता. वेलेस्लीला पेशव्याच्या गळ्यात तैनाती फौजेचा फास अडकवायचा होता. त्यासाठी पामर जरा मवाळच पडत होता. त्याला हलवून बॅरी क्लोज यास आणले आणि १८०२ च्या अखेरच्या दिवशी वसईचा तह झाला. तो तह पामरच्या हातून झाला नसता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. कंपनीचा पगारी नोकर शेवटी कंपनीचाच. पण त्याची बदली हे एका पिढीचे जाणे होते, एवढे खरे.

त्याच सुमारास कंपनीने आपल्याच माणसांच्या मुलांविरुद्ध एक भिंत उभारली होती. १७९१ साली हुकूम निघाला की, ज्याचे आई किंवा बाप हिंदी आहेत अशा कोणालाही कंपनीच्या मुलकी, लष्करी वा आरमारी सेवेत अधिकारपद मिळणार नाही. १७९५ साली आणखी एक पाऊल पुढे पडले. अशांनी फौजेत राहायचे तर ढोल-सनई वाजविणारे नाहीतर नालबंद म्हणून. पामर घराण्यावर या हुकुमाचा परिणाम कसा झाला ते पाहण्याजोगे आहे. एकाच बापाचे दोन मुलगे. सेराचा मुलगा जॉन कलकत्त्यास व्यापारात पडला, तेथील गोऱ्या समाजात मिरवला आणि व्यापाऱ्यांचा राजपुत्र म्हणून त्याचा डंका वाजला. फैज बख्शचा मुलगा विल्यम विलायतेत शिकून आला, इंग्रजी आणि फारसी दोन्हींत तरबेज झाला, आणि कंपनीच्या दारी त्याला जागा नव्हती. तेव्हा १७९९ च्या सुमारास त्याने निजामाची चाकरी धरली. तेथे फौजेत अधिकार मिळाला, पण त्याचे मन त्यात फार काळ रमले नाही. १८१४ साली त्याने हैदराबादेस 'विल्यम पामर आणि कंपनी' या नावाने पेढी काढली.

विल्यमच्या बुद्धीला कंपनीने वाट दिली असती तर तो एखाद्या जिल्ह्याचा कलेक्टर होऊन निवृत्त झाला असता. वाट अडविली म्हणून तो सावकार झाला, आणि कलेक्टरापेक्षा कितीतरी मोठा झाला. रक्ताच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनीच ही पेढी जन्माला घातली, असे माझे मत आहे.

पेढीचा धंदा समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही, म्हणून तो नीट सांगतो. १८०० च्या तहान्वये युद्धप्रसंगी निजामाने इंग्रजांच्या मदतीला सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ द्यायचे होते. निजामाची जुनी फौज कुचकामाची, म्हणून रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या राहिल्या. त्यांतूनच निजामाची कंटिंजंट फौज घडली. औरंगाबाद आणि वऱ्हाड ही तिची मोठी ठाणी. अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, आणि पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. बिचारा निजाम सगळ्यांचे देणे देतो, अशी थट्टा त्या अंमलदारांतच चालत असे. खजिन्यात पैसा असेल तर तो देणार! दिवाणगिरी खऱ्या अर्थाने चालविणारे राजा चंदूलाल यांनी तालुके इजाऱ्याने, जो जास्त बोली करील त्याला, देण्याचा सपाटा लावला होता. वसूल वर्षाकाठी येणार, फौजेचा पगार दरमहा द्यायचा. मधली तोंडमिळवणी कोणी करायची?

ती पामरच्या पेढीने केली. १८१८ च्या सुमारास औरंगाबाद-वऱ्हाडकडील फौजेच्या पगारासाठी दरमहा रोख रक्कम पुरविण्याचा करार तिने घेतला आणि त्याच्या बदल्यात तिला महसुलावर तनखे मिळाले. तनखा म्हणजे अमुक तालुक्याचा वसूल सरकारात न भरता परभारे सावकाराला द्यावा, अशी वरात. व्याज शेकडा चोवीसच्या आसपास. आता ही साखळी मनाशी जुळवून पाहा. पलटणीचा पगार तटला की दिवाण पेढीकडे जाणार, पेढी पैसे देऊन तनखा घेणार, तनख्याचा कागद तालुकदाराकडे येणार, तो इजारदाराला दाबणार, इजारदार देशमुख-पाटलाला आणि पाटील कुणब्याला. प्रत्येक पायरीवर काही ना काही चिकटून राहणार. पगार घेणारा शिपाई, व्याज घेणारा सावकार, बोली करणारा इजारदार हे सगळे कागदावर नावानिशी सापडतात. शेवटच्या पायरीवरच्या माणसाचे नाव कोठेच नाही. विहिरीत पाणी आणि शेतात कापूस असूनही वऱ्हाडची गावे ओस का पडली, याचे उत्तर या साखळीत आहे. त्या प्रदेशावरून नुकतीच पेंढाऱ्यांची टोळधाड गेली होती. त्यापूर्वी १८०३ पर्यंत निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांनी एकाच रयतेकडून वसूल उगवला होता. अडगाव आणि गाविलगडच्या पराभवानंतर देवगावचा तह झाला, भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडचे वऱ्हाड सोडले, आणि दोन धन्यांपैकी एक गेला. रयतेला वाटले असेल, सुटलो. तिसरा धनी पेढीच्या रूपाने आला.

पेढीत एकटा पामर नव्हता. धाकटा भाऊ हेस्टिंग्ज होता, बंकटीदास हा गुजराती सावकार होता, रेसिडेन्सीचा डॉक्टर करी हाही भागीदार झाला होता. सर्वांत वजनदार भागीदार म्हणजे सर विल्यम रम्बोल्ड. याची पत्नी गव्हर्नर जनरल मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज यांची पाल्या. (वॉरन हेस्टिंग्ज वेगळे, हे मार्क्विस वेगळे. नावांचा हा घोळ विद्यार्थ्यांना नेहमी नडतो.) युरोपियनांनी हिंदी संस्थानिकांना कर्ज देण्यास पार्लमेंटच्या कायद्याने मनाई होती, पण सरकारच्या संमतीने सूट मिळू शके. १८१६ साली पामरच्या पेढीला ती सूट मिळाली. पाल्येचा नवरा भागीदार असल्यावर न मिळती तरच नवल. १८२० साली चंदूलालांना साठ लाखांचे कर्ज देण्याचे ठरले, त्यालाही कलकत्त्याने मान्यता दिली.

याच वर्षी चार्ल्स मेटकाफ हैदराबादेस रेसिडेंट म्हणून आला. त्याने हिशेब मागविले आणि त्याला दिसले ते असे की, साठ लाखांच्या नव्या कर्जाचा बराच भाग म्हणजे जुन्याच देण्याची फिरवाफिरव. दरबारात रेसिडेंटपेक्षा पेढीचा शब्द जड. त्याने कलकत्त्यास लिहिले, गव्हर्नर जनरलचा रोष ओढवून घेतला, पण माघार घेतली नाही. अखेर १८२३ साली कंपनीने निजामाचे देणे फेडून टाकले. त्यासाठी वापरलेली युक्ती पाहा. आंध्र किनाऱ्यावरील उत्तर सरकार या प्रांताबद्दल कंपनी निजामाला दरसाल सात लाखांची पेशकश देत असे. ती कायमची बंद करून तिचे एकरकमी मोल कंपनीने दिले, आणि त्यातून ऐंशी लाखांच्या आसपास रक्कम पेढीला मिळाली. निजामाचे सात लाखांचे वार्षिक उत्पन्न गेले, कंपनीचा बोजा उतरला. पेढीचा मोठा आधार असा एकाएकी सुटल्यावर १८२४ साली पेढी बुडाली.

मेटकाफला बहुतेक इतिहासकारांनी या प्रकरणाचा नायक ठरविले आहे. त्याची चिकाटी मलाही मान्य आहे. रयतेच्या बाजूने गावोगाव सारा ठरवून देण्यासाठी त्याने इंग्रज अंमलदार नेमले, हेही त्याच्या बाजूला मांडले पाहिजे. पण दोन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे, त्या चोवीस टक्क्यांचा बोभाटा झाला, आणि ज्या फौजेपायी कर्ज झाले ती फौज मात्र तशीच राहिली. सावकार दोषी, सावकाराकडे जायला लावणारी फौज निर्दोष, हा न्याय कोणता? दुसरी गोष्ट नाजूक आहे. पेढीविरुद्धच्या लिखाणात पामर बंधूंच्या मिश्र रक्ताचा वास अनेकांच्या नाकाला आला. मेटकाफची स्वतःची मुले हिंदी स्त्रीपासून झालेली होती. तिकडे कलकत्त्यात सावत्र भाऊ जॉनची पेढी १८३० साली कोसळली आणि तिच्याखाली शेकडो ठेवीदार चिरडले. तरी जॉनच्या वाट्याला सहानुभूती आली, विल्यमच्या वाट्याला कलंक. दोघेही सावकारच. फरक आयांचा.

पेढीवरून लंडनमध्ये भागधारकांच्या सभांतून रणे माजली. हैदराबादच्या कागदपत्रांचे जाड ग्रंथ छापले गेले. परराज्यात राहणाऱ्या ब्रिटिश प्रजाजनाला व्याजाच्या मर्यादेचा विलायती कायदा लागू होत नाही, असे मत तेथील न्यायाधीशांनी दिले, म्हणजे कायद्याने पामर फारसा चुकला नव्हता. ते ग्रंथ मी चाळले आहेत. त्यांत इभ्रत आहे, कायदा आहे, गव्हर्नर जनरलची मर्जी आणि नामर्जी आहे. अकोला-बाळापूरकडच्या एखाद्या पाटलाची जबानी मला त्यांत आढळली नाही.

पामर गेला म्हणून वऱ्हाड सुटले का? १८७० साली आल्फ्रेड लायल यांनी वऱ्हाडचे गॅझेटियर तयार केले, त्यात ही परंपरा सांगितली आहे. पामरांमागून पुरणमल नावाचा हैदराबादचा बडा सावकार आला आणि वऱ्हाडचा मोठा भाग त्याच्या इजाऱ्यात गेला. १८३९ साली त्याला काढून पेस्तनजी या पारशी पेढीला जिल्हे मिळाले. इंग्रज-मोगल गेले, मारवाडी आले, ते गेले, पारशी आले. पेढीची पाटी बदलत होती, फौजेचा पगार आणि शेवटच्या पायरीवरचा माणूस तोच होता.

आता घराण्याच्या तिसऱ्या पिढीकडे वळतो. विल्यम पामरची कन्या मेरी. हिचा विवाह १८३२ साली फिलिप मेडोज टेलर या निजामाच्या फौजेतील तरुण अंमलदाराशी झाला. टेलर लिव्हरपूलचा, जन्म १८०८. पंधराव्या वर्षी मुंबईस एका व्यापाऱ्याकडे भागीदारीच्या आशेने आला, तो व्यापारीच डबघाईला आलेला निघाला. नातलगाच्या खटपटीने १८२४ च्या अखेरीस त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि पहिली नेमणूक झाली औरंगाबादेस. म्हणजे ज्या फौजेच्या पगारापायी भावी सासऱ्याची पेढी वाढली, त्याच फौजेत, पेढी बुडाली त्याच वर्षी, जावई दाखल झाला. असा योगायोग कादंबरीत घातला तर टीकाकार हसतील. टेलरही कंपनीच्या खानदानी नोकरवर्गात कधीच मोडला नाही. सासरा आईमुळे बाहेर राहिला, जावई शिफारशीवाचून.

१८३९ साली ठगाच्या कबुलीजबाबाची त्याची कादंबरी प्रसिद्ध झाली आणि विलायतेत त्याचे नाव झाले. पुढे सुरपूर संस्थानचा कारभार त्याच्याकडे आला. १८४४ मध्ये मेरी वारली. त्याने पुन्हा लग्न केले नाही.

१८५३ साल आपणा सर्वांच्या ओळखीचे आहे. डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निवर्तले आणि आपला सारा मुलूख, वैनगंगेच्या दोन्ही तीरांसह, डलहौसीने खालसा केला. त्याच डलहौसीने त्याच वर्षीच्या मे महिन्यात निजामाकडून वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब लिहून घेतले होते. कारण काय, तर कंटिंजंट फौजेच्या पगाराची बाकी चाळीस लाखांवर गेली होती. पामरच्या पेढीने ज्या फौजेची तोंडमिळवणी केली, पुरणमल आणि पेस्तनजींनी केली, तिच्याच थकबाकीत अखेर प्रांत गेला. आणि या तोडून घेतलेल्या मुलखापैकी नळदुर्ग-धाराशिवचा कारभार पाहण्यास नेमणूक झाली ती मेडोज टेलर याची, पामरच्या जावयाची.

टेलर नळदुर्गास चार वर्षे होता. जमिनीची मोजणी, रस्ते, तलाव, झाडे लावणे ही कामे त्याने मनापासून केली. रयत त्याला महादेवबाबा म्हणे. मेडोजचे महादेव करून टाकणे हे आपल्या लोकांनाच सुचावे! सासऱ्याच्या पेढीने जे नेले त्याची भरपाई जावई करीत होता, असे रूपक रचण्याचा मोह मला झाला होता. तो मी आवरला आहे. टेलरला तसे वाटत होते याला आधार नाही, आणि त्याची चांगली कामेही शेवटी एका लुबाडून घेतलेल्या जिल्ह्यातच चालली होती.

१८५७ च्या ऑगस्टमध्ये उत्तरेत आग भडकलेली असताना त्याला वऱ्हाडात बुलढाण्यास जाण्याचा हुकूम आला. फौज देता येत नाही, जसे जमेल तसे धरून राहा, अशा अर्थाचा निरोप होता. तुळजापूरच्या बालाघाटावरून तो वऱ्हाडच्या बालाघाटावर गेला, आणि पलटणीवाचून तो मुलूख शांत राहिला. आपल्याकडील इंग्रजांच्या तोफखान्यासाठी लागणारे बैलही त्याने तेथून मिळवून दिले. पामरच्या पेढीने पिळलेला शेतकरी बंडात का उठला नाही, याचा विचार करताना मला वाटते, पन्नास वर्षे धनी बदलताना पाहून त्याचा धन्यांवरचा विश्वासच उडाला होता. उठून तो कोणाच्या बाजूने उठणार?

१८६० साली प्रकृतीमुळे टेलर मायदेशी परतला आणि त्याने तीन कादंबऱ्या लिहिल्या. १६५७, १७५७ आणि १८५७ अशी शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने त्यांची कल्पना आहे. पहिली 'तारा', १८६३ ची. तुळजापूरच्या पुजाऱ्याची कन्या हिची नायिका, आणि शिवाजीमहाराज व अफजलखान यांचा प्रसंग तिच्या केंद्रस्थानी. गुंजीकरांची 'मोचनगड' ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी १८७१ ची. म्हणजे शिवकाळावरची मोठी कादंबरी आपल्याआधी आठ वर्षे एका परक्याने लिहिली. महाराजांचे त्याने रेखाटलेले चित्र आपल्याला पटणारे नाही, कपटाचा जुना आरोप त्याने तसाच उचलला आहे. पण देवळाची पहाट, घाटातला पाऊस, घरातल्या बायकांचे बोलणे ज्या जवळिकीने येते, ती पुस्तकांतून आलेली नाही.

या घराण्याच्या दृष्टीने मला महत्त्वाची वाटते ती तिसरी, १८७२ ची 'सीता'. तीत एक इंग्रज अंमलदार सोनार जातीच्या एका विधवेशी लग्न करतो. गोरा समाज नाके मुरडतो. सत्तावनच्या धामधुमीत नवऱ्यावर उगारलेला भाला सीता आपल्या अंगावर घेते आणि मरते. नायक पुढे एका इंग्रज तरुणीशी विवाह करून मायदेशी सुखाने राहतो. टेलरला सीतेविषयी प्रेम आहे यात शंका नाही. त्याची स्वतःची पत्नी फैज बख्शची नात होती. तरीही सीतेला इंग्लंडच्या बोटीवर चढविण्याचे धैर्य त्याच्या लेखणीला झाले नाही. १७८५ च्या त्या चित्रात जे कुटुंब निःसंकोच एकत्र बसले होते, ते १८७२ च्या कादंबरीत एकत्र बसू शकत नाही. या सत्त्याऐंशी वर्षांत इंग्रज राज्याचे काय झाले हे जाणण्यासाठी मी विद्यार्थ्यांना तहनाम्यांआधी ही दोन चित्रे पाहायला सांगत असे.

थोरल्या पामरची बेगम फैज बख्श १८२८ साली हैदराबादेस वारली. मुलाची पेढी चढताना आणि बुडताना तिने पाहिली. विल्यम दीर्घायुषी निघाला. दिवाळे निघाल्यानंतर तो कोठे निघून गेला नाही. चंदूलाल गेले, मेटकाफ गेला, वऱ्हाड गेले, सत्तावन होऊन कंपनीही गेली. हैदराबाद न सोडता तो १८६७ साली, सत्त्याऐंशी वर्षांचा होऊन वारला. त्याच वर्षी इकडे आपला जिल्हा अस्तित्वात आला. धाराशिव आणि रायचूर १८६० साली निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. सालारजंगांनी त्यासाठी जंग जंग पछाडले, पण १९०२ साली दरसाल पंचवीस लाखांच्या बदल्यात ते कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिले आणि पुढच्या वर्षी आपल्या प्रांताला जोडले गेले.

टेलर १८७५ साली सालारजंगांच्या निमंत्रणावरून पुन्हा एकदा हैदराबादेस आला. तेथे तापाने त्याला गाठले, दृष्टी जवळजवळ गेली, आणि परतीच्या वाटेवर, १८७६ च्या मे महिन्यात, फ्रान्सच्या किनाऱ्यावरील मेंतों या गावी त्याचे निधन झाले. मागे राहिलेले आत्मचरित्राचे कागद त्याची मुलगी ॲलिस हिने नीट लावले आणि १८७७ साली प्रसिद्ध केले. ही ॲलिस म्हणजे लखनौच्या फैज बख्शची पणती.